काहीच केले नाही तर?

बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीत बाक आहे असे कळले की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘आता काय करायचे?’ कुणी मालिश सुचवतो, कुणी योगासने, कुणी पट्टा, कुणी थेट मुंबई-पुण्याचा सर्जन. एक खांदा वर आणि एक खाली, एका बाजूचे फऱ्याचे हाड पुढे आलेले, वाकली की पाठीवर दिसणारा बरगड्यांचा उंचवटा, हे सगळे आईला एका दिवशी अचानक दिसते. मुलगी स्वतः आंघोळ करू लागल्यापासून तिची उघडी पाठ आईने पाहिलेलीच नसते. धास्ती साहजिक आहे. पण त्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न येतो, आणि तो विचारायला वैद्यकशास्त्रही फार काळ कचरले. काहीच केले नाही तर या मुलीचे पुढे काय होईल? मुलांच्या हाडांच्या विकारांत गेल्या शंभर वर्षांत जे भरवशाचे ज्ञान जमा झाले, त्यातले बरेचसे सळ्या आणि स्क्रू यांच्यापेक्षा या एका प्रश्नाच्या पाठपुराव्यातून आले, असे माझे मत आहे. आणि आपल्याकडे याच पाठपुराव्याची सोय सर्वांत कमी आहे, अशी माझी तक्रार आहे.

या विकाराचे नाव स्कोलिओसिस. मागून पाहिले तर सरळ दिसायला हवा असा कणा डावी-उजवीकडे वळतो, आणि वळताना मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. बरगड्यांचा उंचवटा येतो तो या पिळामुळे. न्यूयॉर्कचे जॉन कॉब यांनी १९४८मध्ये एक्स-रेवर हा बाक मोजण्याची रीत रूढ केली, आणि कॉब कोन हेच माप आजही जगभर चालते. कोन दहा अंशांचा किंवा त्याहून मोठा असला की स्कोलिओसिस म्हणायचे. दहा ते अठरा वयाच्या मुलांत तो साधारण दोन ते तीन टक्क्यांना असतो. लहान बाकांत मुलगे आणि मुली जवळजवळ सारख्याच संख्येने दिसतात. तीस अंशांच्या पुढच्या बाकांत मात्र एका मुलामागे आठ-दहा मुली असतात. यातल्या बहुतेकांत कारण सापडत नाही. मणका जन्मतः अर्धवट घडलेला नसतो, पोलिओ झालेला नसतो, मणक्याचा क्षय नसतो. धडधाकट मुलगी असते, पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षात तिची उंची भराभर वाढू लागते, आणि त्याच काळात कणा वळत जातो. वाढ थांबली की बहुतेक बाकही थांबतात. म्हणजे सगळा धोका आणि उपचाराची सगळी संधी दोन-तीन वर्षांत एकवटलेली असते.

मुलीला पुढे वाकवून मागून तिची पाठ पाहण्याची जी तपासणी आज शाळा-दवाखान्यांत होते, ती लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांच्या १८६५च्या ग्रंथातून आली. तिच्यामागे एका माणसाच्या हालांची कथा आहे. गिडियन मँटेल हे इंग्लंडमधले डॉक्टर आणि भूगर्भाचे अभ्यासक. इग्वानोडॉन या प्राचीन प्राण्याची ओळख जगाला त्यांनी करून दिली. १८४१मधल्या घोडागाडीच्या अपघातानंतर त्यांचे पाठीचे दुखणे वाढत गेले, कमरेपाशी गाठीसारखे काही दिसू लागले, आणि वेदना सोसवेनात म्हणून अफूचा आधार घ्यावा लागला. १८५२मध्ये ते गेले. ती गाठ म्हणजे आत झालेली वाढ असावी असा समज होता. शवविच्छेदनात गाठ निघालीच नाही. पिळलेले मणके बाहेरच्या बाजूला आले होते. बाकात पीळही असतो, आणि माणूस वाकला की तो पीळ उघडा पडतो, हे अ‍ॅडम्स यांनी या कण्यावरून ओळखले. कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडे वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या पाठीतले हाड हयातीत वाचता आले नाही, हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

वाकडे दिसले की सरळ करायचे, ही ओढ मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या काळात रुग्णाला शिडीला बांधून ताण देत. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१मध्ये मुलांची शरीरे सरळ राखण्यावर पुस्तक लिहिले. खुंटाला दोरीने बांधलेले वाकडे झाड हे त्यातले चित्र आज अनेक देशांतल्या अस्थिरोग संघटनांचे बोधचिन्ह आहे. त्या चित्रात एक गृहीत दडलेले आहे: सरळ म्हणजे निरोगी, वाकडे म्हणजे आजारी. पुढची दोनशे वर्षे या गृहीताला कुणी फारसे तपासले नाही. मुलींना प्लास्टरमध्ये जखडले, महिनोन्महिने अंथरुणावर ठेवले, मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १९४१मध्ये अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या समितीने उपचार झालेल्या ४२५ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष निराशाजनक निघाले. व्यायामाने बाक थांबत नव्हता आणि शस्त्रक्रियांचे फळही बहुतेकांत बेताचेच होते. स्वतःच्या कामाचा असा हिशेब मांडायला धैर्य लागते. मला तो अहवाल या क्षेत्रातल्या अनेक शोधांहून मोलाचा वाटतो.

सळ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओने कणे कोसळलेली मुले होती. श्वास घेणे अवघड झालेल्या त्या मुलांसाठी त्यांनी पोलादी सळी घडवली आणि १९६२मध्ये तिचे निष्कर्ष छापले. त्या मुलांच्या बाबतीत ‘वाट पाहू’ म्हणणे क्रूरपणाचे झाले असते. पण तीच सळी इतर बाकांसाठीही सर्रास वापरली गेली, आणि ती कमरेच्या मणक्यांपर्यंत नेली की कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा नाहीसा होऊन रुग्णाला ताठ उभे राहणे जड जाते, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. उपचाराचाही एक दीर्घ इतिहास असतो आणि तोही कुणीतरी शेवटपर्यंत पाहावा लागतो. अगदी लहान मुलांसाठी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी चुंबकाने बाहेरून लांबवता येणाऱ्या सळ्यांचे निष्कर्ष २०१२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले, तेव्हा सळी लांबवण्यासाठीची दर सहा महिन्यांची शस्त्रक्रिया टळणार म्हणून मोठा आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता. पण पुढे सळ्यांची झीज आणि धातूचे कण यांचे प्रश्न दिसू लागले, आणि २०२०मध्ये ब्रिटनच्या नियामकाने त्या नव्याने बसवणे थांबवायला सांगितले.

आता मूळ प्रश्नाकडे. १९६८मध्ये स्वीडनमधून दोन अभ्यास आले. उपचार न झालेल्या स्कोलिओसिसच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त, काम न करता येण्याचे प्रमाण जास्त, असे त्यांत दिसले. हे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेले, तिथून डॉक्टरांच्या तोंडी आले आणि आईवडिलांच्या मनात शिरले. पण त्या रुग्णांत पोलिओचे होते, जन्मजात सदोष मणक्यांचे होते, लहानपणीच मोठे बाक आलेले होते, आणि आपल्या बारा वर्षांच्या मुलीसारखे, म्हणजे निरोगी शरीरात उशिरा बाक आलेले, तेही त्यांच्यातच होते. निरनिराळ्या दैवांची सरासरी काढली गेली आणि ती प्रत्येकीच्या कपाळी लिहिली गेली.

या सरासरीला उत्तर मिळाले अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून. तिथे १९३२ ते १९४८ या काळात तपासलेल्या आणि उपचार न झालेल्या रुग्णांची कागदपत्रे जपून ठेवलेली होती. इग्नासिओ पोन्सेती हे तिथले डॉक्टर मूळचे स्पेनमधल्या मेनोर्का बेटावरचे. यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, पराभवानंतर देश सोडला, मेक्सिकोच्या खेड्यांत काम केले आणि १९४१मध्ये आयोवात आले. त्यांनी आणि त्यांच्यानंतर स्टुअर्ट वाइनस्टाइन यांनी हे रुग्ण दशकानुदशके पुन्हा शोधून काढले. १९८३च्या अहवालात सरासरी चाळीस वर्षांचा मागोवा होता. वाढ संपताना तीस अंशांच्या आत असलेले बाक पुढे वाढत नाहीत. छातीच्या भागातले पन्नास ते पंचाहत्तर अंशांचे बाक मात्र मोठेपणीही वर्षाला साधारण एक अंशाने वाढत राहतात. शस्त्रक्रियेचा विचार पन्नास अंशांच्या आसपास सुरू होतो त्यामागे हे निरीक्षण आहे. २००३मध्ये ५० वर्षांचा मागोवा छापला गेला तेव्हा पोन्सेती नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. उपचार न झालेले ११७ जण आणि तुलनेसाठी बाक नसलेले ६२ जण. जगण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांइतकीच निघाली. जुनाट पाठदुखी ६१ टक्क्यांना होती, तुलनेतल्या गटात ३५ टक्क्यांना. पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे सौम्य किंवा मध्यम होते. दम लागण्याचा धोका वाढत होता तो ऐंशी अंशांच्या पुढच्या बाकांत. माणसे कामे करत होती, संसार करत होती. आपल्या शरीराबद्दल मात्र ती इतरांपेक्षा कमी समाधानी होती.

शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. आपल्या समाजात मुलीच्या पाठीचा बाक हा आधी लग्नाचा प्रश्न होतो आणि मग आरोग्याचा. ‘पुढे मूल होईल ना?’ हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलीसमोर विचारला जातो. या प्रकारच्या बाकात गर्भारपण आणि बाळंतपण बहुतेकींचे नेहमीसारखेच होते. तिथे भीतीला आधार नाही. पण आरशात पाहताना तिला काय वाटते, पाठीवर ओढणी धरून चालण्याची सवय तिला का लागते, हा त्रास खराच आहे आणि तो मोजून काढला गेला आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय पुष्कळदा याच त्रासासाठी घेतला जातो, आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते एवढेच, की हा निर्णय ‘नाही केले तर श्वास कोंडेल’ असे घाबरवून घ्यावा. चाळीस अंशांच्या मुलीला ऐंशी अंशांची भीती दाखवणे म्हणजे तिच्या संमतीचा अर्थच काढून घेणे होय.

वाट पाहण्याची बाजू मी इतकी मांडली, तर तिच्यातला धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. आयोवाची पहिली कागदपत्रे ज्या वर्षातली, त्याच १९३२ साली अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना नुसते ‘पाहत’ राहण्याचा सरकारी अभ्यास सुरू झाला. पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय आला तरी त्यांना तो दिला नाही, आजाराचे नावही धड सांगितले नाही, आणि हे १९७२पर्यंत चालले. ‘काहीच केले नाही तर?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने टस्कीगी कायम डोळ्यांसमोर ठेवावे. उपायच भरवशाचा नसताना, रुग्णाला सर्व सांगून, त्याच्या हितासाठी थांबणे वेगळे. उपाय हाताशी असताना ज्ञानाच्या लोभापायी थांबणे हा गुन्हा.

ही सीमा कशी सांभाळायची याचा चांगला नमुना ब्रेसच्या, म्हणजे बाक थोपवण्यासाठी अंगावर घालायच्या पट्ट्याच्या, चाचणीत मिळतो. विस्कॉन्सिनच्या वॉल्टर ब्लाउंट आणि अल्बर्ट श्मिट यांनी १९४०च्या दशकात हनुवटीपासून कमरेपर्यंतचा मिलवॉकी ब्रेस बनवला. नंतर कपड्यांखाली झाकले जाणारे प्लास्टिकचे ब्रेस आले. दोन पिढ्यांनी ते घातले, पण ब्रेसमुळे बाक थांबतो की तो थांबणारच होता, हे खात्रीने सांगणारा पुरावा नव्हता. वाइनस्टाइन आणि लोरी डोलन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांत चाचणी उभारली. वीस ते चाळीस अंशांचे बाक, वाढ अजून बाकी असलेली मुले. चिठ्ठी टाकून कुणाला ब्रेस आणि कुणाला नुसती देखरेख ठरवायचे, असा बेत होता. पण किती आईबाप आपल्या मुलीचा निर्णय चिठ्ठीवर सोडतील? ११६ जण तयार झाले; आणखी १२६ जणांनी आपल्या पसंतीने उपचार निवडला आणि तरीही अभ्यासात राहिले. ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र बसवले होते, म्हणजे मुलीने तो खरोखर किती तास घातला ते कळावे. निकाल २०१३मध्ये आला. वाढ संपेपर्यंत बाक पन्नास अंशांच्या आत राहण्याचे प्रमाण चिठ्ठीने ब्रेस मिळालेल्यांत ७५ टक्के, देखरेखीच्या गटात ४२ टक्के. फायदा इतका उघड दिसला की चाचणी आधीच थांबवली. टस्कीगीत जे चाळीस वर्षांत घडले नाही ते इथे नियमाने घडले.

याच आकड्यांची दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. ब्रेस न घालताही दहांपैकी चार मुली शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याआधीच थांबल्या. एक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी साधारण तीन मुलींना ब्रेस घालावा लागतो. त्या तिघींतली कोणती, हे आधी सांगता येत नाही. आणि रोज सुमारे तेरा तासांच्या वर ब्रेस घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. कमी तास घालणाऱ्यांत ते उतरत गेले. आता हे तेरा तास अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात मांडून पाहा. घट्ट प्लास्टिकचे कवच, आत बनियन, वर शाळेचा गणवेश, घरात पंखा, तोही वीज असेल तेव्हा. घामोळे, चोळून निघालेली कातडी, वर्गातल्या नजरा. चाचणीतले तास इथे जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरता येत नाही. रात्रीचेच तास वाढवले तर, उन्हाळ्याच्या सुट्टीत वेळ बदलली तर, वजनाला हलका किंवा जाळीचा ब्रेस वापरला तर काय होते, हे प्रश्न विदर्भात बसूनच सोडवायचे आहेत. बोस्टनमध्ये ते कुणी सोडवणार नाही, कारण तिथे ते पडतच नाहीत.

नुसती देखरेख फुकट नसते, हेही संशोधनानेच दाखवले. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात स्कोलिओसिसचे निदान झालेल्या ५,५७३ स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. प्रत्येकीचे सरासरी २४.७ एक्स-रे झाले होते. स्तनाच्या कर्करोगाने ७७ मृत्यू झाले. सर्वसाधारण स्त्रियांच्या प्रमाणाने ते सुमारे ४६ व्हायला हवे होते. बाक मोजणाऱ्यांनी प्रत्येक भेटीत थोडी किरणे दिली आणि तिशी-चाळिशीनंतर त्यांची किंमत मोजली गेली. त्यानंतर एक्स-रे छातीकडून न काढता पाठीकडून काढू लागले, यंत्रे बदलली, मात्रा पुष्कळ कमी झाली. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांना कणशोधक उपकरणासाठी १९९२चे नोबेल मिळाले. त्यांच्याच कामातून अगदी कमी किरणांत उभ्या रुग्णाचे पूर्ण चित्र घेणारे यंत्र निघाले. तरी गावोगावच्या लॅबमध्ये ते नाही. म्हणून ‘दर महिन्याला एक्स-रे काढून आणा’ असे कुणी सांगितले तर ‘चार-सहा महिन्यांनी चालेल का?’ असे विचारण्याचा आईबापांना पूर्ण हक्क आहे.

कारणाचे काय? इथे मी थोडक्यात सांगतो, कारण इथले काम अजून वाटेवर आहे. पिनिअल ग्रंथी काढलेल्या कोंबड्यांच्या पिल्लांत बाक येतो म्हणून मेलाटोनिनवर वर्षानुवर्षे संशोधन झाले, माणसांत ते सिद्ध झाले नाही. जपानी संशोधकांनी २०११मध्ये एलबीएक्स१ या जनुकाजवळचा फरक शोधला, आणि तो इतर लोकसमूहांतही सापडला. झेब्राफिश या इवल्या माशांत मेंदू-मज्जेतल्या द्रवाचा प्रवाह बिघडला की वाढीच्या वयात कणा वळतो, हे २०१६मध्ये दिसले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे रेने कास्टेलाइन यांचा गट म्हणतो की ताठ उभे राहण्याच्या माणसाच्या खास ढबीमुळेच आपला कणा पिळायला सोपा झाला. त्यांच्याच गटाने निरोगी माणसांच्या मणक्यांतही उजवीकडे किंचित पीळ असतो आणि ज्यांचे हृदय उजवीकडे असते त्यांच्यात तो उलट असतो, असे दाखवले. सगळे धागे खरे असतील. एकच दोर अजून वळला गेलेला नाही. दरम्यान, बाक वाढेल की नाही हे लाळेतल्या जनुकांवरून सांगणारी चाचणी २०१०च्या सुमारास अमेरिकेत विक्रीला आली. जपानमध्ये, कॅनडात आणि खुद्द अमेरिकेतल्या स्वतंत्र तपासण्यांत ती टिकली नाही. घाईने विकलेली खात्री ही अज्ञानाहून महाग पडते.

कारण माहीत नसल्याची जागा आपल्याकडे दोषारोप भरून काढतात. ‘पोक काढून बसतेस म्हणून’, ‘एकाच खांद्यावर दप्तर घेतेस म्हणून’, ‘लहानपणी आईने नीट मालिश केले नाही म्हणून’. दप्तराचे ओझे कमी व्हायलाच हवे. मुलांच्या पाठी त्याने दुखतात, आणि शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझे नको हा नियम योग्यच आहे. पण दप्तराने किंवा बसण्याच्या ढबीने हा बाक येतो याला पुरावा नाही. हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात मोठ्याने बोलले जावे. मुलीच्या पाठीवरचे अपराधाचे ओझे त्याने लगेच उतरते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

बाकाच्या पलीकडे पाहिले तर हाच प्रश्न मुलांच्या साऱ्या हाडांभोवती फिरताना दिसतो. वर्षाच्या बाळाचे पाय फेंगडे असतात, तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना लागतात, सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे पाय आपोआप मार्गी लागतात. फिनलंडच्या सालेनिअस आणि वांका यांनी १९७५मध्ये मुलांचे गुडघे मोजून हा क्रम मांडला आणि असंख्य मुलांच्या पायांना लावायच्या लोखंडी पट्ट्या अडगळीत गेल्या. सपाट तळव्यांसाठी महागडे बूट बनवून घेणाऱ्यांनी आपल्याच देशातला एक अभ्यास पाहावा. उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पायताण घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के होते, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. म्हणजे ज्या बुटांनी पाय सुधारायचा, तेच त्याच्या वाढीच्या आड येत असण्याचा संभव. याच जोसेफ यांनी मणिपालमध्ये पर्थेस विकाराच्या ६१० मुलांचा मागोवा २००३मध्ये प्रसिद्ध केला. या विकारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो, मूल लंगडते, मग हाड हळूहळू पुन्हा भरते. कोणत्या टप्प्यात हाडाचा गोलवा बिघडतो आणि म्हणून शस्त्रक्रिया कधी केली तर उपयोगी आणि कधी व्यर्थ, हे त्या पाठपुराव्यातून कळले. भारतातल्या किनारपट्टीवरच्या मुलांच्या एक्स-रेंनी जगभरच्या डॉक्टरांना वेळ साधायला शिकवले. हे आपल्याकडे होऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आणि जिथे काहीच न करणे घातक, तिथेही हाच प्रश्न विचारल्याने रस्ता सापडला. जन्मतः आत वळलेले पाऊल, क्लबफूट, तसेच सोडले तर मूल पावलाच्या कडेवर चालते आणि आयुष्यभर अपंग राहते. म्हणून पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया होत. आयोवात आल्यावर पोन्सेती यांनी जुन्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पुन्हा तपासले तेव्हा त्यांची पावले ताठ, दुखरी आणि दुबळी दिसली. त्यांनी आठवड्याला एक अशी प्लास्टरची मालिका, टाचेच्या शिरेवर छोटासा छेद आणि मग दांडी लावलेले बूट, अशी रीत बसवली. १९६३मध्ये ती छापली, दुर्लक्षित राहिली. १९९५मध्ये त्याच मुलांचा तीस वर्षांनंतरचा अहवाल आला, आणि मग जगाने ती स्वीकारली. आज महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांतही क्लबफूटवर उपचार होतात ते याच रीतीने. मुडदुसाचेही तसेच. आपल्या उन्हाच्या देशात मुडदूस का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आहारातल्या कॅल्शियमच्या तुटवड्यात मिळते. तिथे वाट पाहायची नसते, खायला द्यायचे असते. पुण्यातल्या संशोधकांनी गरीब घरांतल्या लहानग्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेले लाडू देऊन पाहिले आणि २०११मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. प्रयोगासाठी लाडू निवडणे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण गोळी घरी पडून राहते आणि लाडू खाल्ला जातो.

फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरमधून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा आरोग्य पथक येते. जन्मदोष, कमतरता, आजार आणि विकासातले अडथळे अशा सुमारे तीस गोष्टी पाहते. त्यात क्लबफूट आहे, जन्मजात निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. कण्याचा किशोरवयातला बाक नाही. तो घालावा का? हाँगकाँगमध्ये १९९५पासून शाळांतून अशी तपासणी चालते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००४मध्ये ती करू नये असे म्हटले, आणि ब्रेसच्या चाचणीनंतर २०१८मध्ये ‘पुरेसा पुरावा नाही’ इथवर आपले मत बदलले. माझे मत असे की आपण आज ती सुरू करू नये. पथकाने हजार मुली वाकवून वीस बाक शोधले आणि त्या वीस जणींना पुढे ब्रेस बनवणारा माणूस नाही, सहा महिन्यांनी तोच कोन मोजणारा डॉक्टर नाही, तर आपण वीस घरांत फक्त भीती वाटली असे होईल.

सुरुवात पाठपुराव्यापासून करावी. आश्रमशाळेतली मुलगी पाचवी ते दहावी एकाच वसतिगृहात असते. वाढीची नेमकी तीच वर्षे. तिची उंची दर चार महिन्यांनी नोंदली तरी झपाट्याच्या वाढीचा काळ कागदावर दिसेल, आणि ज्यांना बाक आढळला आहे त्यांना कधी बोलवायचे ते ठरवता येईल. याला संमती हवी, उपचाराची हमी आधी हवी, आणि रात्रीची पाठदुखी, ताप किंवा पायांतली शक्ती कमी होणे दिसले तर एक दिवसही न थांबता क्षयाची आणि मज्जारज्जूची तपासणी हवी. उलट टोकाला बीडसारख्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगारांचे मूल आहे. क्लबफूटचे प्लास्टर संपून त्याचे दांडीचे बूट सुरू होतात, ते चौथ्या वर्षापर्यंत रात्री घालायचे असतात, आणि ऐन हंगामात आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोप्यांवर असतात. तिथल्या आरोग्य केंद्रात या मुलाचा कागद नसतो. बूट लहान झाले तर नवे कुणी द्यायचे हे ठरलेले नसते, आणि पाऊल पुन्हा आत वळते. त्या मुलाचा कागद बीडच्या कपाटात न राहता त्याच्याबरोबर कारखान्याच्या तळावर गेला पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरला पुढच्या मापाचे बूट मागवण्याचा अधिकार असला पाहिजे.